यंत्राला ‘श्री’ चालत नाही

आवक-जावक विभागाच्या टेबलावर धूळ साचत नाही, हकिकती साचतात. धूळ निदान झटकता तरी येते! वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात निवृत्त होईपर्यंत मी ते टेबल सांभाळले. आलेल्या पत्राला आवक क्रमांक, गेलेल्या पत्राला जावक क्रमांक. पहाटे पूजा, कपाळी बुक्का, आणि साडेआठच्या बसने कारखाना. सगळे मला ‘बुवा’ म्हणत. पत्रांच्या निमित्ताने माणसांचे नाना प्रकार पाहिले. मित्रांच्या बैठकीत एक हकिकत निघाली की तिच्यामागे चार निघतात. परंतु कारखान्यात इंटरनेट नवे होते तेव्हाच्या एका आठवड्याने मला जेवढे थक्क केले, तेवढे उरलेल्या सगळ्या नोकरीने केले नाही. अजूनही सांगताना उघडलेले तोंड लवकर मिटत नाही!

*

आधी प्रकरण काय होते ते सांगतो.

मिलिंद साळवे हा आमच्याकडे संगणक चालवणारा तरुण. जर्मनीतील भागीदार कंपनी आमच्यातील एकाला वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी नेणार होती आणि निवड मिलिंदची झाली होती. सोमवारी सकाळी त्याने एक छापील कागद माझ्यापुढे ठेवला. जर्मनीचा ई-मेल होता. ‘उमेदवाराच्या पदवीवर एका विद्यापीठाचे नाव आहे आणि आपल्या शिफारसपत्रावर दुसऱ्याचेच. शुक्रवारी दुपारपर्यंत ई-मेलने खुलासा यावा. अन्यथा जागा दुसऱ्या उमेदवारास दिली जाईल.’

शिफारसपत्र मी टंकले होते!

आपल्या विद्यापीठाच्या नावासाठी मराठवाड्यात काय काय घडले ते मी तुम्हाला सांगायला नको. घरे जळाली, माणसे तुरुंगात गेली, काही परत आली नाहीत. मी त्या सगळ्या काळात देवळात टाळ धरून बसलो होतो. ना इकडचा, ना तिकडचा. अखेर निर्णय झाला, नवे नाव पुढे लागले, त्यालाही अडीच वर्षे लोटली होती. मिलिंदच्या पदवीवर नवे नाव होते. आणि माझ्या बोटांनी सवयीने नुसते जुनेच नाव उमटवले होते. जन्मभर नामाचा महिमा गाणाऱ्या माणसाला वेळेवर एक नाव घेता आले नाही!

मिलिंदचे वडील तात्या साळवे, मूळचे पाचोडचे, आमच्याच पॅकिंग विभागात लाकडी खोकी ठोकत. त्या लढ्यात त्यांनी तुरुंग पाहिला होता. मी जाऊन त्यांना चूक सांगितली. त्यांनी ओठांत धरलेला खिळा काढला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “बुवा, तुमच्या हातनं झालंय म्हंजी मुद्दाम नसंल.”

‘नाही’ नव्हे, ‘नसंल’! तो एक शब्द आठवडाभर मला टोचत राहिला.

*

खुलासा पाठवायचा तर आधी टेलिफोनची लाइन हवी. ती आमच्या नसीमआपांच्या ताब्यात. कारखान्याचा टेलिफोन बोर्ड त्या सांभाळत, आणि संगणकाने लाइन धरली की त्यातून येणारे किंचाळणे त्यांच्या कानात घुसे.

“बुवा, तुम्हारा डब्बा फिर चिल्ला रा! लाइन पे बिल्ली कायकू छोडे?”

मिलिंद त्यांना समजावू लागला. “आपा, ओरडणं संपलं की मशीनची खरी बोलणी सुरू व्हत्यात. त्याला टीसीपी म्हणायचं. आपलं मशीन इचारतं, ‘ऐकू येतंय का?’ तिकडचं म्हणतं, ‘येतंय, तुला माझं येतंय का?’ आपलं म्हणतं, ‘येतंय.’ एवढं झाल्याबिगर कामाचा एक शब्द बोलत नाय. आणि बोललेला शब्द पोचला नाय तर पुन्हा पाठवतं.”

आपा हसू लागल्या. “इसमें नया क्या है? मैं रोज येइच करती. हॅलो मुंबई, मेरी आवाज आ री? आ री, मेरी आ री? आ री, बोलो!”

मी चकित! ज्या युक्तीचे विलायतेत एवढे कौतुक, ती युक्ती आमच्या बोर्डावर बिनबोभाट चालली होती.

“आणि आपा, दुसरा एक आहे, यूडीपी,” मिलिंद म्हणाला. “तो कुणाला काय इचारत नाय. पलीकडं कुणी हाय का, ऐकतंय का, पोचलं का, त्याला फिकीर नाय. आपलं बोलत सुटतो.”

आपांनी साहेबांच्या केबिनकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

“उनकू तो मैं पहचानती!”

*

मंगळवारी प्रत्यक्ष पत्र पाठवण्याचा प्रसंग आला. पत्रे पाठवण्याचा सोपा प्रोग्राम फक्त साहेबांच्या संगणकावर होता, आणि साहेब केबिनला कुलूप लावून पुण्याला गेलेले. मिलिंदच्या संगणकावर नुसता काळा पडदा. तो म्हणाला, “हरकत नाय. टपालाच्या मशीनशी आपण हातानं बोलू. त्याची बोलायची ठरलेली रीत हाय, तिला एसएमटीपी म्हणत्यात. बुवा, चूक तुमची, पत्र तुम्हीच टंका.”

मी खुर्चीवर बसलो, हात जोडले, आणि आजवर प्रत्येक पत्राच्या माथ्यावर लिहीत आलो तेच इंग्रजी अक्षरांत टंकले. ‘श्री’.

यंत्राने तत्काळ उत्तर दिले. पाचशे! आज्ञा ओळखता आली नाही.

माझ्या अंगावर काटा आला. जन्मात कुणी ‘श्री’ नाकारलेला मी पाहिला नव्हता!

“बुवा, पहिलं त्याला नमस्कार घालावा लागतो. हेलो म्हणा.”

मी हेलो लिहिले. पुन्हा पाचशे!

मिलिंदने पडद्यावर वाकून पाहिले. “तुम्ही दोन एल लावले. ह्याच्या रीतीत एकच एल हाय.”

“अरे, पण ते अशुद्ध आहे!”

“असू द्या की.”

मी मन घट्ट करून, आयुष्यात प्रथमच, ठाऊक असून अशुद्ध शब्द लिहिला. यंत्र लगेच प्रसन्न झाले. म्हणाले, ‘हेलो, आपणास भेटून आनंद वाटला.’ आणि त्याने स्वतः मात्र ‘हेलो’ दोन एलनी लिहिले होते!

मिलिंद पोट धरून हसत होता. “बुवा, ह्याला देव बी चालत नाय आणि शुद्धलेखन बी!”

पुढे मात्र मला त्या यंत्राविषयी आदर वाटू लागला. आधी नमस्कार, मग पाठवणाऱ्याचे नाव, मग घेणाऱ्याचे, मग मजकूर, आणि शेवटी एका ओळीवर एकटे टिंब. टिंब दिले की पत्र संपले. क्रम चुकवला की यंत्र अडून बसते. पूजेतही असेच असते. आवाहनाआधी नैवेद्य दाखवून चालत नाही. मी खुलासा लिहिला, विद्यापीठाचे नवे नाव संपूर्ण लिहिले, टिंब दिले. यंत्र म्हणाले, दोनशे पन्नास, ठीक. जावक नोंदवहीत मी लिहिले, ‘यंत्रास सांगितले. यंत्राने होय म्हटले.’

*

परंतु एक शंका मनात राहिली. पाठवणाऱ्याचे नाव मी जे सांगितले ते यंत्राने मुकाट्याने मान्य केले होते. ओळखपत्र नाही, सही नाही, शिक्का नाही!

मी विचारले, “मिलिंद, समजा एखाद्याने दुसऱ्याच्याच नावाने पत्र धाडले तर?”

तो नुसता संगणकाकडे वळला. दुपारी मला म्हणाला, “बुवा, तुमच्या नावानं टपाल हाय.”

पडद्यावर पत्र होते. पाठवणारा, विठ्ठल. पत्ता, वैकुंठ. मजकूर एकच ओळ, ‘चूक पदरात घेतली आहे, चिंता नसावी.’

मंडळी, हसा खुशाल; मी मात्र टोपी काढली होती! डोके टेकवायला पुढे झालो तेव्हा मागून नसीमआपांचे हसू ऐकू आले आणि उमगले, हे मिलिंदचेच काम. मी संतापलो. पण संतापापेक्षा भीती मोठी होती. देवाच्या नावाने पत्र येऊ शकते, तर मग कुणाच्या नावाने येणार नाही? ज्या यंत्राच्या भरवशावर मिलिंदचे भवितव्य सोपवले, ते असे भोळे!

“ह्याला शासन म्हणून याच पत्त्यावर उत्तर पाठव,” मी म्हणालो. “बघू तुझा विठ्ठल काय म्हणतो.”

मिलिंदने उत्तर पाठवले. थोड्या वेळाने ते परत आले. वर लिहिले होते, ‘वैकुंठ नावाचे ठिकाण सापडत नाही.’

मिलिंदने सांगितले, “मशीनला नावं कळत नायत, आकडे कळत्यात. कुठलं नाव म्हंजी कुठला आकडा, हे सांगणारी एक जगभरची वही हाय. तिला डीएनएस म्हणत्यात. वहीत नाव नसलं की मशीनच्या लेखी ते ठिकाणच नाय.”

वैकुंठ वहीत नाही हे मी एक वेळ सोसले असते. पण परत करणाऱ्याचे नाव काय होते? मेलर डीमन! मी शब्दकोश उघडून खात्री केली. वैकुंठाला लिहिलेले पत्र राक्षसाने परत केले होते!

*

बुधवार उजाडला. जर्मनीहून अक्षर नाही. तात्या साळवे दुपारच्या सुटीत येऊन दाराशी उभे राहिले, “आलं का?” एवढेच विचारले आणि परत गेले.

मी म्हणालो, “मिलिंद, तिकडचे यंत्र जिवंत तरी आहे का?”

“इचारू की. त्याला पिंग म्हणत्यात. आपण हाक मारायची, त्यानं ओ द्यायची.”

त्याने चार हाका मारल्या. तीन ओ आल्या. एक आलीच नाही.

आमच्या वाडवडिलांनी सोयगावच्या माळावर मेंढ्या राखल्या. आजोबा तिन्हीसांजेला हाळी देत आणि परतणारी प्रत्येक मेंढी बोटाने मोजत. ते सगळे माझ्या रक्तात आहे. मी एकदम उठून उभा राहिलो.

“चौथी कुठे गेली?”

“हरवली.”

“मग शोध ना!”

“बुवा, पिंगमधी हरवलेलं कुणी हुडकत नाय. चारातली एक हरवली, एवढं सांगतं आणि गप बसतं.”

मला खरोखर धक्का बसला. “म्हणजे नुसते मोजायचे आणि सोडून द्यायचे? आमचे आजोबा एका कोकरासाठी भरल्या ताटावरून उठून गेले असते! सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा हाळी दिली असती!”

मिलिंदने मान डोलावली.

“तुमचे आजोबा टीसीपी व्हते, बुवा!”

*

गुरुवारचा प्रसंग मी अजून माफ केलेला नाही.

सकाळी संगणकावरची टपालपेटी रिकामी. दुपारी रिकामी. मिलिंदचा चेहरा उतरलेला. त्याने आईला सांगून स्वेटर आणून ठेवला होता. आता तो स्वेटर कुणाला दाखवायचा, असे काहीतरी तो पुटपुटला. चार वाजता, बुधवारीच पुण्याहून परतलेल्या साहेबांचा आतून फोन आला.

“बुवा, ते जर्मनीचं पत्र काल संध्याकाळीच आलंय. तुम्ही बघितलं नाही का?”

आम्ही दोघे धावलो. पत्र साहेबांच्या पडद्यावर होते! कंपनीची टपालपेटी एकच. आदल्या संध्याकाळी साहेबांनी आपला प्रोग्राम उघडला, त्याने पेटीतील सगळी पत्रे खाली उतरवून घेतली आणि पेटी पुसून ठेवली. मिलिंद म्हणाला, “ही पॉपची रीत हाय. टपाल घरी नेलं की पेटीत काय ठेवत नाय. ‘प्रत राहू दे’ असं आधी सांगावं लागतं.” आणि साहेब तसे सांगायला विसरले होते.

एक पूर्ण दिवस वाया गेला होता. पण माझ्या डोळ्यांपुढे दुसरेच संकट होते. माझ्या सबंध नोकरीत प्रथमच कारखान्यात एक पत्र आवक क्रमांकावाचून शिरले होते! मी तसाच मागे फिरलो, क्रमांकाची चिठ्ठी तयार केली, डिंक लावला आणि साहेबांच्या पडद्याच्या काचेवर चिकटवली.

“बुवा! हे काय?”

“साहेब, आवक झाल्याशिवाय पत्र आले असे धरता येत नाही.”

साहेबांनी मिलिंदकडे पाहिले. मिलिंदने छताकडे पाहिले. चिठ्ठीच्या खालून मी मजकूर वाचला. ‘खुलासा समजला. आमच्या संकेतस्थळावरील अर्ज आपल्या कार्यालयाने विद्यापीठाचे योग्य नाव लिहून पुन्हा भरावा. मुदत तीच, शुक्रवार दुपार.’

*

शुक्रवारी सकाळी नसीमआपांनी बोर्डावर फर्मान काढले. “सब लाइन बंद! आज सिर्फ जर्मनी चालू!” मुंबईच्या एका व्यापाऱ्याला त्यांनी तीन वेळा सांगितले, “साहब गुजर गए समझो, कल फोन करो.”

मिलिंदने जर्मनीचे पान मागवले. ते वरून खाली हळूहळू उतरले, भरायच्या चौकोनांसकट. उमेदवाराचे नाव, जन्मतारीख, कारखाना, शिक्षण. टंकायला मीच बसलो. विद्यापीठाचे नवे नाव टंकून झाले आणि लाइन तुटली.

पुन्हा जोडली. पान पुन्हा आले, पण कोरे! मी म्हणालो, “अरे, आत्ताच तर सांगितले याला.”

“हे एचटीटीपी हाय, बुवा. पान मागितलं, पान दिलं, संपलं. पुन्हा गेलं की त्याला तुमची वळख नाय. दर वेळी पहिल्यापासनं सांगायचं.”

दुसऱ्यांदा टंकले. पुन्हा तिथेच लाइन तुटली. पुन्हा कोरे पान! नामस्मरणात तेच नाव हजारदा घेताना मी कधी थकलो नाही, पण ज्याच्यापाशी घ्यायचे त्यानेच दर वेळी ‘कोण आपण?’ असे विचारावे, हा अनुभव नवा होता. आणि एक गोष्ट सांगतो. पहिल्या वेळी विद्यापीठाचे नवे नाव टंकताना मी समोर कागद ठेवला होता. तिसऱ्या वेळी कागदाकडे पाहावे लागले नाही.

तेवढ्यात जेवणाची सुटी झाली आणि तात्या साळवे आले. या वेळी ते दाराशी थांबले नाहीत. आत आले, स्टूल ओढले, माझ्या बाजूला बसले आणि माझी बोटे पाहू लागले. नवे नाव उमटले. मी पुढचे, जुने, टंकू लागलो.

“ते बी ल्ह्यावंच लागतं का मागं?”

“लिहावेच लागेल, तात्या. सरकारदरबारी नाव तसेच आहे. नवे पुढे, जुने मागे.”

“व्हय.” तात्या कोरडेपणाने म्हणाले. “आम्ही नामांतर मागितलं व्हतं. सरकारनं नामविस्तार दिला. सोळा-सतरा वर्सं झगडून, इस्तार!”

मी टंकत राहिलो. जुन्या नावाचे पहिले अक्षर उमटले, दुसरे दाबले आणि यंत्र टुणकन वाजले. पुन्हा दाबले, पुन्हा टुण. अक्षर उमटेना! पाच-सहा वेळा दाबले, टुण टुण टुण.

मिलिंदने चौकोन मोजला. “ह्या खान्यात चोवीसच अक्षरं मावत्यात, बुवा. भरला खाना.”

“मग नाव अर्धवट राहणार? पुन्हा दोन नावांचा घोटाळा!”

“दुसरा खाना नाय. घड्याळ बघा. पाठवा!”

मी डोळे मिटले आणि बटण दाबले. नसीमआपा बोर्ड सोडून दारात येऊन उभ्या होत्या. साहेबांना आम्ही हात जोडून सांगितले होते, आज पेटी उघडू नका!

तासाभराने पत्र आले. मिलिंदने ते उघडले, पण वाचू शकला नाही. मलाच वाचावे लागले. ‘नोंद पूर्ण झाली. श्री. साळवे यांची जागा निश्चित. अर्जातील तपशील आमच्या कागदपत्रांत पुढीलप्रमाणे कायम करण्यात आला आहे.’ ‘श्री’ त्यांनी लिहिले नव्हते. वाचताना मी घातले.

आपांनी दोन्ही हातांनी मिलिंदची दृष्ट काढली. मिलिंद वडिलांच्या पायाशी वाकला, मग माझ्या. तात्यांचे लक्ष मात्र पडद्याकडे होते. त्यांनी तिथे बोट ठेवले.

“बुवा, हितं काय ल्हिलंय? इद्यापीठाच्या पुढं?”

मी वाचून दाखवले. नवे नाव अथपासून इतिपर्यंत सबंध. त्यापुढे जुन्या नावाचे एक अक्षर. त्यापुढे काही नाही.

“पुढचं?”

“कापले गेले, तात्या.”

“आता त्येंच्या कागदावर हेच ऱ्हाणार? कायम?”

“कायम, असे लिहिले आहे.”

तात्यांनी डोक्यावरची कामाची टोपी काढली, संगणकाच्या तापलेल्या पाठीवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

“बुवा, सरकारला जमला तो इस्तार. नामांतर ह्या मशीननं केलं!”